वाळूवरच्या वाकळा

गुरुवारी सकाळी धुण्याच्या दगडावर पाय ठेवता ठेवता राहीबाई थबकल्या. पलीकडं वाळूत एक मऊ पाठीचं भलंमोठं कासव मागच्या पायांनी खड्डा बुजवत होतं. अंडी घालून झाली होती. काम उरकून ते निवांत कृष्णेत शिरलं.

राहीबाई लहान असताना भाकरीचा चुरा टाकला की दहा-बारा मुंडकी वर यायची. गेल्या पाच वर्षांत दिसलेलं हे पहिलंच. त्यांनी उत्कर्षा या नातीला वनखात्याला फोन लावायला सांगितलं. "सोमवारी येऊन खड्ड्यावर जाळी मारतो," असं उत्तर आलं.

अडचण भाऊसोची होती. त्याच्या घराचं बांधकाम निघालेलं, आणि चोरून वाळू न्यायला तो ट्रॅक्टर घेऊन काठावर यायचा.

शुक्रवारी तो आला, तर सगळ्या वाळूवर वाकळा वाळत पडलेल्या. मधली हातभर जागा तेवढी मोकळी.

"आवं आत्या, काढा की ह्या. ट्रॉली भरायचीय."

"वल्या हायत्या रं. ढेकणं लय झाल्यात."

शनिवारी पुन्हा तेच. "कालच्या अजून वाळल्या न्हाईत?"

"काल माझ्या हुत्या. आज वरल्या गल्लीच्या."

रविवारी भाऊसोचं डोकं फिरलं. "कुणाच्या बी असूंद्या, म्या उचलून फेकतो!" म्हणत त्यानं एक वाकळ ओढली. तिला त्याच्याच बायकोच्या, स्वप्नालीच्या, जुन्या लुगड्याचा काठ होता. पाण्यातून स्वप्नाली उठली, हातात पिळा तसाच.

"फेका की. मग घरची समदी पांघरुणं तुमीच धुवा."

घाटावरच्या बाया खो-खो हसल्या. भाऊसोनं ट्रॅक्टर वळवला आणि बांधकामाला दगड भरडून केलेली क्रशसँड विकत मागवली.

सोमवारी जाळी लागली, तेव्हा त्याला खरं कळलं. "आत्या, मला आधी सांगायचं न्हाई व्हय?"

"ट्रॅक्टर थांबवला असतास तू. पर तोंड थांबलं असतं का तुझं? अंडी खानारी काय कमी हायत गावात?"

अडीच महिन्यांनी एका सकाळी जाळी उघडली. रुपयाएवढी सत्तावीस पिल्लं तुरुतुरु पाण्याकडं निघाली. कावळे टपलेलेच होते. भाऊसो डोक्यावरची टोपी गरगर फिरवत काठानं पळत सुटला. शेवटचं पिल्लू पाण्यात गेलं, तरी राहीबाई ओरडत होत्या, "आरं, त्या बाभळीवर बी एक बसलाय!"

बाभळीवर कुणीच नव्हतं. भाऊसो पळतच होता.