मूठमातीचा डाव

दर शनिवारी संध्याकाळी जुन्या बाजाराच्या हॉलमध्ये रेडा मार खायचा. मार खाणं हाच त्याचा धंदा होता. आठवडाभर तो टायरच्या दुकानात पंक्चर काढायचा, ट्रकची चाकं उचलायचा, आणि शनिवारी काळा मुखवटा चढवून ‘रेडा’ म्हणून कुस्तीच्या रिंगमध्ये उतरायचा. लोक त्याला मनसोक्त शिव्या घालायचे, कागदी पेले फेकून मारायचे. सुरुवातीला तो लोकांच्या लाडक्या पैलवानाला, गरुडाला, लोळवायचा, पंचाची पाठ वळली की डोळ्यांत बोटं घालायचा. मग गरुड कसाबसा उठायचा, कोपऱ्यातल्या खांबाला धरून सगळ्यांत वरच्या दोरावर चढायचा, पंख पसरावेत तसे हात पसरायचा आणि खाली उताण्या पडलेल्या रेड्यावर झेप घ्यायचा. हीच ती गरुडझेप. तिच्यानंतर पंच तीन मोजायचा आणि लोक हॉल डोक्यावर घ्यायचे.

कोण जिंकणार हे खेळाचे मालक आधीच ठरवून द्यायचे. आणि गरुड म्हणजे रेड्याचे सख्खे भाऊजी, थोरल्या ताईचे यजमान. दोघांचे कपडे ताईच शिवायची, एकाच मशीनवर, एकाच दोऱ्याने. रिंगमध्ये भाऊजी "साल्या, ऊठ!" म्हणून गरजले की लोकांना ती शिवी वाटायची. खरं तर ते नुसतं नातं होतं.

हारजीत खोटी असली तरी पडणं मात्र खरं होतं. लोखंडी सांगाड्यावर फळ्या, फळ्यांवर लोकरीचा जाड नमदा, त्यावर ताणलेलं कॅनव्हास, बस्स, एवढंच. खाली पोकळ असल्यामुळे आवाज मोठा व्हायचा, पण मार कमी लागायचा असं नाही. भाऊजी वरून येताना रेड्याने छाती किती फुगवायची, त्यांनी गुडघे कुठे टेकायचे, हे दोघांच्या अंगात इतकं मुरलं होतं की बोलायचीही गरज उरली नव्हती.

त्या शनिवारी रेडा नेहमीसारखा उताणा पडला होता. हरलेल्या माणसाला शोभेल असे डोळे मिटलेले, पण मुखवट्याच्या फटीतून नजर वर. भाऊजी दोरावर चढले. हात पसरले. आणि झेप घ्यायच्या आतच त्यांचे डोळे वर गेले, एक गुडघा पिळल्यासारखा वळला आणि सगळं शरीर डोक्याच्या बाजूने खाली कलंडलं.

विचार करायला वेळच नव्हता. मेल्यासारखा पडलेला रेडा ताडकन उठला. एक हात त्याने भाऊजींच्या मानेखाली घातला, दुसऱ्याने कंबर कवटाळली, त्यांना छातीशी घट्ट दाबलं आणि गिरकी घेऊन स्वतःला खाली झोकून दिलं. त्याचा खांदा आणि कोपर आधी आपटलं. फळ्या तोफेसारख्या वाजल्या. भाऊजी त्याच्याखाली होते, पण त्यांचं डोकं त्याच्या तळहातावर होतं, कॅनव्हासपासून चार बोटं वर.

बघणाऱ्यांना दिसलं ते वेगळंच. संपलेला रेडा उठला आणि त्याने गरुडाला हवेतून खेचून जमिनीत गाडला! हॉल चिडीचूप झाला. रेडा भाऊजींच्या कानाशी तोंड नेऊन विचारत होता, "भाऊजी, ऐकू येतंय का? भाऊजी?" गरुड उठत नाही असं बघून गोंधळलेल्या पंचाने सवयीने तीन मोजले. मग माइकवाल्याला कंठ फुटला. "रेड्याने गरुडाला मूठमाती दिली! मूठमाती!"

आत कपडे बदलायच्या खोलीत मालक धावत आले. "तुला जिंकायला कुणी सांगितलं होतं रे?"

रेडा काही बोलण्याआधीच बाहेरून आवाज येऊ लागला. अख्खा हॉल पाय आपटत एकच शब्द म्हणत होता. मालकांनी कान दिला. त्यांचा राग बघता बघता उतरला. "पुढच्या वेळी हाच डाव पाहिजे," ते म्हणाले. "गरुडाने वरून यायचं आणि तू अधांतरी झेलून मूठमाती द्यायची."

भाऊजी बाकावर बसून ओला टॉवेल मानेवर दाबत होते. त्यांना दोरावर चढल्याचं आठवत होतं, आणि नंतर छातीवर ओणवलेला रेडा. मधलं काहीच नाही.

"माझी झेप मोडलीस तू," ते म्हणाले. "इतकी वर्षं खाली पडून कंटाळला होतास, तर तोंडाने सांगायचं होतंस."

रेड्याने मालकांकडे पाहिलं. ते दारातच उभे होते. भाऊजींना चक्कर आली, हे शब्द मालकांच्या कानांवर पडले असते तर भाऊजींचा खेळ त्याच संध्याकाळी कायमचा बंद झाला असता.

"संधी दिसली," रेडा म्हणाला. "घेतली."

भाऊजींनी बूट काखोटीला मारले आणि अनवाणीच निघून गेले.

पुढचा आठवडाभर गल्लीतली पोरं एकमेकांना मूठमाती देत होती. टायरच्या दुकानासमोरही त्यांचा धिंगाणा चालायचा. मुखवट्यामागचा माणूस समोरच चाक बसवतोय, याचा कुणाला पत्ता नव्हता. त्याचं कोपर भोपळ्यासारखं सुजलं होतं. पण त्याला काळजी वेगळीच होती. सरावाच्या दिवशी भाऊजी दोरावर चढले आणि बराच वेळ खांबाला धरून राहिले. "हाताला घाम आलाय," म्हणाले.

"आज राहू द्या ना, भाऊजी."

"का? आता चढायचंही तूच ठरवणार?"

दुसऱ्या दिवशी दुपारी, भाऊजी घरी नाहीत अशी वेळ साधून, रेडा ताईकडे गेला. ती मशीनवर बसली होती. तिने वर पाहिलं, पण बस म्हटलं नाही.

"मान वळवता येत नाहीये त्यांना," ती म्हणाली. "घरातल्या माणसाशी असं वागतात का रे?"

रेड्याने झालं ते सगळं सांगितलं. पांढरे झालेले डोळे, वळलेला गुडघा. ताईचा पाय मशीनच्या पायडलवरच थांबला.

"काहीतरीच तुझं," ती म्हणाली. आणि मग हळूच, स्वतःशीच बोलल्यासारखं, "दाढी करताना बेसिन धरून उभे राहतात. जिन्यात धडपडले तर चपलेला नावं ठेवली." ती उठली. "कसं धरलंस? दाखव मला."

तो तिच्या मागे उभा राहिला. तळहात तिच्या मानेमागे ठेवला, बोटं पसरून डोक्याला आधार दिला.

"हे मी शिकवलंय तुला," ती म्हणाली.

"तू?"

"माझी पोरगी झाली तेव्हा. एवढा आडदांड तू, पण तिला घ्यायला थरथरत होतास. मान धर, अरे मान धर, म्हणून घसा कोरडा पडला होता माझा."

रेडा आपल्या हाताकडे बघत राहिला. टायरच्या काळ्या रेघा असलेला, बोटं वाकडी झालेला हात. त्याला यातलं काहीच आठवलं नव्हतं. रिंगमध्ये तर नाहीच. ताईने डोळ्यांना पदर लावला, नाक ओढलं आणि मशीनवर झाकण घातलं.

"ह्यांच्याशी मी बोलते. तू मालकांपुढे तोंड उघडू नकोस."

ताईने नवऱ्याला कसं पटवलं, हे तिचं तिलाच ठाऊक. डॉक्टरांनी कान तपासले, डोक्याचे फोटो काढले. इतक्या वर्षांचे हादरे आत साठले होते. उंचावर चढायचं नाही, डोक्याला धक्का लागू द्यायचा नाही, असं त्यांनी बजावून सांगितलं. भाऊजींनी मालकांना मान दुखतेय एवढंच कळवलं आणि ते घरात बसून राहिले. रेडा आला की कूस बदलायचे.

एका सकाळी मात्र ते स्वतःच दुकानात आले. रेडा ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होता.

"मला चक्कर आली, हे तुला तिथेच कळलं होतं?"

"हो."

"मग मी एवढं बोललो, तेव्हा गप्प का बसलास?"

"मालक दारात होते, भाऊजी."

भाऊजी टायरांच्या चळतीवर बसले. मग त्यांनी रेड्याचं सुजलेलं कोपर हातात घेतलं, हलकेच वळवून पाहिलं. "सरळ होत नाही?"

"होईल."

"नाही व्हायचं," भाऊजी म्हणाले. "मला शेवटचं एकदा उतरायचंय. वर चढणार नाही. जमिनीवरूनच उचल आणि तुझ्या डावाने संपव."

"डॉक्टर नको म्हणालेत ना? आणि लोकांना वाटेल, मी तुम्हाला..."

"लोकांना काय वाटायचं ते वाटू दे. तुझा हात कुठे असतो, ते मला माहितीये."

रेडा नाही म्हणत राहिला. शेवटी ताईच म्हणाली, "त्यांना घरात बसून संपायचं नाहीये रे. तू आहेस म्हणून मी हो म्हणतेय."

त्या शनिवारी ताई पहिल्यांदाच पुढच्या रांगेत बसली होती. भाऊजी उतरले तेव्हा हॉल दुमदुमला. त्यांनी रेड्याला खरोखर सणसणीत दोन लगावल्या. त्याला बरंच वाटलं. मग ठरल्याप्रमाणे ते डगमगले. रेड्याने कंबर धरली, उचललं, मानेखाली हात गेला. एरवी पडताना माणूस मान ताठ ठेवतो, कितीही विश्वास असला तरी. भाऊजींनी ती पूर्ण सैल सोडली. डोक्याचा सगळा भार रेड्याच्या तळहातात आला. तो गिरकी घेऊन पडला आणि कोपरातून कळ थेट मस्तकात गेली. पण हात हलला नाही.

"लागलं का?" त्याने विचारलं.

"कुठे काय," भाऊजी डोळे मिटून म्हणाले. "जरा वेळ असाच राहा."

पंच सावकाश मोजत होता. लोक उभे राहून रडत होते आणि रेड्याच्या नावाने बोटं मोडत होते. ताईचे दोन्ही हात मांडीवर घट्ट आवळलेले होते. तिसरा आकडा झाला तरी रेड्याने हात काढला नाही.

भाऊजी पुढे नव्या पोरांना शिकवू लागले. मूठमाती शिकायला आलेल्यांना ते सुरुवातीला फेकू द्यायचेच नाहीत. नुसती एकमेकांची मान धरून बसवून ठेवायचे. रेडा अंगात बळ होतं तोवर खेळला. त्या डावाने त्याने कितीतरी जणांना गाडलं, आणि त्यातल्या एकालाही साधं खरचटलं नाही. कोपर मात्र भाऊजी म्हणाले तसंच वाकडं राहिलं.