एका नळीला दोन तोंडं

तंबाखू? कधीच नाही.
सुपारी? नाही.
दारू? भाचीच्या लग्नात. सरबत समजून.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. काच फुंकणाऱ्या नवऱ्याच्या तोंडात, अगदी मागे टॉन्सिलमध्ये कॅन्सर होता. एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे झालेला. बरा होण्याची शक्यता चांगली.

"पण हा आला कुठून?" बायकोने विचारलं.

"जवळिकीतून. बहुतेकांना कधी ना कधी होतो, आपोआप जातो. एखाद्यात वर्षानुवर्षं दडून बसतो. कुणाकडून, कधी, ते कळत नाही. त्यावरून भांडू नका."

नाही भांडले. बसमध्ये दोघं एकाच खिडकीतून बाहेर बघत बसले.

काचेच्या भट्टीवर बातमी त्यांच्या आधी पोहोचली. अर्धीच: विषाणू.

आता बरणी. मोठी बरणी एका दमात फुगत नाही. नवऱ्याचा श्वास संपला की मेहुण्याने तीच नळी लगेच तोंडाला लावायची. मध्ये थांबलं की काच गार होऊन बसलीच. सोमवारपासून किरणं सुरू, मग कित्येक महिने फुंकणं बंद. म्हणून आज त्याला शेवटची

(शेवटची म्हणायचं नाही, बायकोने बजावलं होतं)

एक बरणी करायची होती.

मेहुण्याने नळीचं टोक रुमालाने पुसलं. परत पुसलं.

"दाजी, आज माझं पोट जरा..."

"पोटाने फुंकतोस का?"

नवऱ्याची पंचाईत झाली. खरं सांगावं, तर सगळ्यांसमोर 'जवळीक' म्हणावं लागणार. न सांगावं, तर बरणी गेली.

पॅकिंगच्या टेबलावरून बायको उठली.

"काय रे, नळीने होतो असं वाटतं तुला?"

"उष्टं ना ते, ताई."

"उष्ट्याने नाही होत. नवरा-बायको असतात ना, त्यांच्या..."

"ताई, लोक आहेत."

"लोकांनीही ऐकावं. तोंडाने केलेल्या लाडांतून होतो. तुझा यांचे तसे लाड करायचा विचार आहे?"

"नाही," मेहुणा फार गंभीरपणे म्हणाला.

"मग फुंक. आणि याची लस असते, ती पोरीला वेळेत दे. पोरालाही."

"पोराला कशाला?"

"त्याला तोंड नाही का?"

नवऱ्याने वितळलेली काच नळीवर घेतली, फुंकायला लागला. दम नेहमीपेक्षा लवकर संपला. त्याने नळी पुढे केली.

मेहुण्याने डोळे घट्ट मिटून तोंड लावलं. मागून कुणीतरी शिट्टी मारली. त्याचे कान लाल झाले, पण श्वास तुटला नाही. काच फुगत राहिली.