शेकड्यामागे सव्वा रुपया

“काका, ओटीपी आला. सांगू?”

दीपमाला मोबाइल हातात धरून बसली होती. समोर आनंद रामटेक्यांचं बोट टॅबवर टेकलेलं. तिनं आकडे सांगायचे, त्यांनी ते भरायचे, की तिच्या पेन्शन पॉलिसीचा अर्ज पुरा. मार्च संपत आला होता आणि वर्षाचं किमान काम व्हायला रामटेक्यांना एकच पॉलिसी कमी पडत होती. ती झाली नाही तर विमा कंपनी त्यांची एजन्सी बंद करणार होती. शाखेतला मॅनेजर सौरभ वयानं त्यांच्या मुलासारखा. सकाळीच त्यानं फोन केला होता. “सर, कसंही करून एक केस द्या. तुमचा एजंट कोड माझ्या हातानं बंद व्हावा असं मला वाटत नाही.”

आत स्वयंपाकघरात शर्मिलाबाई शेंगदाणे भाजत होत्या. हात कढईत, कान बाहेर.

भंडाऱ्याहून पिंपरीच्या कारखान्यात आलेला त्यांचा नवरा कारखाना बंद पडल्यावर एजंट झाला, तेव्हा त्यांना हसूच आलं होतं. गोड बोलून गळ्यात काही मारणं या माणसाला कधीच जमलं नव्हतं. जमायचं ते विकून झाल्यानंतरचं. दीपमालाचे वडील श्याम त्याच कारखान्यातले. ते गेले तेव्हा कुठलासा दाखला मिळेना म्हणून विमा कंपनीनं त्यांच्या पॉलिसीचे पैसे अडवले होते. रामटेके स्कूटरवरून ऑफिसांचे जिने चढत राहिले. पैसे खात्यात पडले त्या दिवशी ते त्या घरी चहासुद्धा न घेता परतले होते. ती मुलगी आज हिंजवडीत नोकरीला होती आणि रविवारची विश्रांतवाडीला त्यांच्या घरी आली होती, ती फक्त काकांकडूनच पॉलिसी घ्यायची म्हणून.

“ऑफिसातही आहे ना गं पेन्शनचं काहीतरी?” रामटेक्यांनी विचारलं.

“आहे ना, एनपीएस. पण जॉब सोडला की तिथंच अडकतं म्हणे. आणि चार्जेस काय, इकडे एक टक्का, तिकडे त्याहून थोडे कमी. माझ्या पाच हजारातले पन्नास रुपये. तेवढ्यात कॉफी पण येत नाही काका. सांगू ना ओटीपी?”

शर्मिलाबाईंचं उलथनं थांबलं. निवृत्त होईपर्यंत त्या कॉलेजच्या पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत होत्या. उपकरणातली चूक एकदाच लागत नाही, प्रत्येक मापात लागते, हे त्यांनी किती मुलांना सांगितलं असेल. ही पोर पन्नास रुपये म्हणत होती ते कशातले, हे त्यांना लगेच दिसलं. बाहेर जाऊन एक वाक्य बोललं असतं तरी पुरलं असतं. पण एजन्सी गेली तर हा माणूस सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून जाणार कुठे? त्यांनी पुन्हा उलथनं हलवायला सुरुवात केली. यांच्या लक्षात आलं नसेल तर बरंच, असंही मनात येऊन गेलं.

“थांब बेटा,” बाहेरून आवाज आला. “आकडे सांगू नको अजून. ऑफिसची मेल असेल ना, ती दाखव.”

शर्मिलाबाई दाण्यांची ताटली घेऊन बाहेर गेल्या. रामटेके चष्मा कपाळावर चढवून तिचा मोबाइल नाकाजवळ धरून वाचत होते. वाचून झाल्यावर त्यांनी ताटली पुढे ओढली आणि एक मूठ दाणे वर्तमानपत्रावर ठेवले.

“हे तुझं यंदाचं. यातला हा एक दाणा माझ्या कंपनीचा. बरोबर?”

“बरोबर.”

त्यांनी दुसरी मूठ त्याच ढिगावर टाकली. “हे पुढच्या वर्षीचं. आता मी या नव्या मुठीतूनच घेईन असं तुला वाटतं. तसं नसतं. घ्यायचं ते अख्ख्या ढिगावर.” त्यांनी दोन दाणे उचलले. तिसरी मूठ, तीन दाणे. “तू साठीची होईपर्यंत हे दरवर्षी. आमच्याकडे शेकड्यामागे सव्वा रुपया, वर सुरुवातीच्या हप्त्यांतून वेगळी कपात. तुझ्या ऑफिसच्या योजनेत शेकड्यामागे दहाएक पैसे आणि खात्याचा किरकोळ खर्च. शेवटी पाच पोत्यांतलं एक पोतं जातं, समज. शिवाय उचललेला दाणा पेरला असता तर उगवला असता, ते वेगळंच.”

“भाजलेले उगवत नाहीत,” शर्मिलाबाई म्हणाल्या.

दीपमाला हसली, मग ढिगाकडे बघू लागली. “पण जॉब सोडला तर?”

“खातं तुझ्या नावाचं आहे. नोकरी बदलली की तुझ्याबरोबर येतं. पैसे साठीपर्यंत मोकळे होत नाहीत, हे खरं. आणि साठीलाही सगळे एकदम हातात येत नाहीत, काहींची पेन्शनच घ्यावी लागते. पण ते माझ्या पॉलिसीतही तसंच आहे.”

टॅब वाजला. ओटीपीची मुदत संपल्याचा निरोप होता.

“नवा मागवू नको,” रामटेके म्हणाले.

“आणि तुम्हाला काय मिळणार काका?”

शर्मिलाबाईंनी तोंड उघडलं होतं. नवऱ्यानं त्यांच्याकडे एकदा पाहिलं, तेवढ्यानं त्या थांबल्या.

“मला दाणे मिळाले की,” ते म्हणाले. बाजूला काढलेले दाणे मात्र त्यांनी तिच्या तळहातावर ठेवले.

जयभीम करून ती गेली. शर्मिलाबाई वर्तमानपत्र आवरत राहिल्या. मग खाली बघूनच म्हणाल्या, “मला कळलं होतं. मी गप्प बसले.”

“ठाऊक आहे. उलथन्याचा आवाज बंद झाला होता.” त्यांनी एक दाणा तोंडात टाकला. “करपलेत थोडे.”

एप्रिल लागला. कोड बंद झाल्याचं सांगायला सौरभ स्वतः घरी आला आणि आपलीच एजन्सी गेल्यासारखा खुर्चीच्या कडेवर बसून राहिला. रामटेक्यांनी त्यालाच धीर दिला, पाणी दिलं, जिन्यापर्यंत सोडलं. दुसऱ्या दिवशी ते नेहमीच्या वेळी उठले, दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि खिडकीपाशी येऊन बसले.

थोड्या वेळानं फोन वाजला.

“रामटेके बोलतोय,” ते म्हणाले आणि थांबले. त्यापुढचे दोन शब्द, ‘विमा प्रतिनिधी’, इतकी वर्षं आपोआप येत होते. शर्मिलाबाई दारात उभ्या राहिल्या. त्यांना एकाच बाजूचं बोलणं ऐकू येत होतं.

“कोण, नम्रता? दीपमालाच्या ऑफिसातली का... हो, दिला असेल तिनं नंबर. पण बाई, मी आता एजंट नाही. माझ्याकडे विकायला काही नाही... नाही, फी वगैरे काही नाही. तुझ्या पॉलिसीचा कागद आणि ऑफिसची मेल, दोन्ही घेऊन ये. शेजारी शेजारी ठेवून बघू... रविवारी? चालेल. असतो मी घरीच.”

शर्मिलाबाई आत वळल्या. फळीवरचा दाण्यांचा डबा काढून त्यांनी हलवून पाहिला, आणि उगीचच, रविवार लांब असताना, कढई गॅसवर चढवली. या वेळी आच अगदी मंद ठेवली.