तुताचा डाग

पुंजारामने तुताच्या बुंध्याशी कुऱ्हाड ठेवली आणि तो तंबाखू मळायला वळला, तेवढ्यात खातूनबी येऊन कुऱ्हाडीच्या दांड्यावरच बसली.

"उठ ना, खातूनबी," पुंजाराम अजीजीने म्हणाला. "मालक येतीन."

"येऊ दे ना. मी का पाहिला नाही त्याले?"

काळ्या तुताचं हे झाड तिच्या सासऱ्याने लावलेलं. ही जागा उत्तमरावाला विकताना तिच्या नवऱ्याने एवढंच म्हटलं होतं, की झाड राहू द्या. उत्तमरावाने तेव्हा मान डोलावली होती. पुढे नवरा गेला, तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली, तिथला कापूस विलायतेला जाईना, तसा इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि अंजनगावात ज्याला त्याला शिंगं फुटली. उत्तमरावाने तर गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या. रस्त्यात फुफाटा गुडघाभर, पण चाकं चांदीची! त्या गाडीला वळायला आता झाड आडवं येत होतं.

उत्तमराव आला तो नाक मुरडतच.

"काहून तमाशा करून राहिली, खातूनबी? ना याले लाकूड, ना याच्या पानावर धड रेशीम होत. नुसते डाग पाडते. माह्या घरचं कोनी या फळाले शिवत नाही."

"मालूम हाय," ती म्हणाली. त्याच्या जरीच्या पागोट्याचं तिला हसूही आलं नाही, किळस आली.

उत्तमरावाचा कापूस घ्यायला अकोल्याहून देवीदास व्यापारी यायचा होता. त्याची वाट पाहत उत्तमराव दोनदा झाडामागे जाऊन आला.

देवीदास आला. त्याने चिमूटभर कापूस ओढून धागा पाहिला, मान हलवली. मग रिवाजाप्रमाणे दोघांनी पांढऱ्या रुमालाखाली हात घेतले. भाव बोटांनीच ठरायचा, चारचौघांना कळू नये म्हणून. बोटं दाबली गेली, सुटली, पुन्हा दाबली गेली. सौदा जुळला. देवीदासने हात बाहेर काढला आणि तो दचकलाच. बोटं लालभडक झाली होती. रुमालही.

"हे काय हो, उत्तमराव? लागलं का कुठं?"

उत्तमरावाने घाईने हात उपरण्यात लपवला, तर उपरणंही रंगलं. पुंजाराम तंबाखू मळायचा थांबला.

खातूनबी उठली. खालच्या फांदीची कच्ची, हिरवी तुतं तोडून ती उत्तमरावासमोर उभी राहिली.

"हात."

त्याने तो मुकाट्याने पुढे केला. कच्च्या फळाचा आंबट रस ती एकेका बोटावर चोळू लागली, तसा डाग फिका होत गेला.

"लहानपनीबी असाच काढून देत होती," ती त्यालाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली. "तुह्या मायनं मारू नये म्हनून."



"मलेबी पुसून द्या, बाई," देवीदास हात पुढे करत म्हणाला. "अन् एखादं पिकलं असंन तं तेबी द्या."

पुंजारामने चाचरत विचारलं, "मालक, कुऱ्हाड घेऊ का?"

"आज राहू दे!" उत्तमराव एकदम आवाज चढवून म्हणाला. "गाड्या भरायच्या हायेत."

तोडू नको, एवढे दोन शब्दसुद्धा त्याच्याने म्हणवले नाहीत. खातूनबीने देवीदासची बोटं पुसली, त्याच्या तळहातावर एक पिकलेलं तूत ठेवलं आणि ती परत कुऱ्हाडीवर जाऊन बसली.