अर्धाच वाचलेला शब्दकोश

मित्रांनो, मी एक जुना शब्दकोश आहे. जुन्या वस्तू मायेनंच बोलतात असा तुमचा समज असेल, तर आज तो बाजूला ठेवा. मी चिडलेलो आहे.

माझा जन्म छापखान्यातला आणि नोकरीही छापखान्यातलीच. मुद्रितं तपासणाऱ्या काकांच्या टेबलावर मी असे. रोजच्या शब्दांसाठी मला कोणी हात लावत नाही. एखादा शब्द अडला की माझी आठवण होते. 'जरा'तला ज दातांमागे घासून म्हटला तर 'थोडंसं' आणि जीभ टाळूला लावून म्हटला तर 'म्हातारपण', हे मी अक्षराखाली टिंब देऊन दाखवतो. एकदा छापायला आलेल्या मजकुरात 'निर्व्याज प्रेम' होतं. मालकांनी विचारलं, "म्हणजे व्याज न लावता?" काकांनी हसत माझं पान उघडलं. "नाही हो, कपट नसलेलं." मालकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "हा आहे म्हणून आपली अब्रू आहे!"

बांधणी विभागात एक ताई कामाला होत्या. त्यांच्या कागद कापायच्या यंत्रात, हात आत असेल तर पातं अडवणारी एक कळ होती. काम झपाट्यानं उरकावं म्हणून मालकांनी ती काढायला लावली, तेव्हा ताई जेवायला गेल्या होत्या. बाहेरून काही दिसत नव्हतं. ताई परतल्या, नेहमीसारखा गठ्ठा सरकवायला गेल्या आणि पात्यानं त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं नेली.

चौकशीला निरीक्षक साहेब आले. ताईंनी जबाबात सांगितलं होतं, 'कळ माझ्या अपरोक्ष काढली.' म्हणजे पाठीमागे. सगळे तसंच बोलतात. पण मालकांनी मला ओढलं, बोट ठेवून मोठ्यानं वाचलं, "अपरोक्ष. समक्ष, डोळ्यांदेखत." आणि धाडकन मिटलं.

"बघा साहेब! बाई स्वतःच जबाबात सांगतात. माहीत असून हात घातला, आम्ही काय करणार?"

"अहो, मला काहीच माहीत नव्हतं," ताई म्हणाल्या.

"मग शब्दकोश खोटं बोलतो का?"

मी खोटं बोलत नाही! पण त्याच शब्दापुढे माझी दुसरी ओळ आहे: 'रूढ अर्थ: पाठीमागे, नकळत.' ती काकांना तोंडपाठ होती. काका तिथेच बसले होते, पेन्सिलीला टोक काढत. टोक केव्हाच निघालं होतं, तरी ते काढतच राहिले. मला कंठ असता तर मी छप्पर डोक्यावर घेतलं असतं! दोष ताईंच्या माथी बसला आणि त्यांची नोकरी गेली.

काही दिवसांनी ताईंची थोरली बहीण आली आणि थेट काकांपुढे उभी राहिली. "तुम्ही होतात ना तिथे? तोंड शिवलं होतं का तुमचं?"

काका उठले, मला काखोटीला मारलं आणि तिच्याबरोबर निरीक्षकांची कचेरी गाठली. तिथे त्यांनी दोन्ही ओळी वाचल्या.

"हे तेव्हाच का नाही बोललात?" साहेबांनी विचारलं.

"भ्यालो," काका म्हणाले.

चौकशी पुन्हा झाली. ताईंवरचा दोष पुसला, मालक दोषी ठरले, कळ परत बसली. ताई मात्र त्या यंत्राकडे पुन्हा फिरकल्या नाहीत. आता डाव्या हातानं लिहायला शिकताहेत. काकांना मालकांनी घरी बसवलं आणि मला अडगळीच्या खोलीत फेकलं. काकांचं मला वाईट वाटतं, पण त्यांना मी माफ केलेलं नाही. मालकांचं तर नावच काढू नका.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ झटकली नाहीत तरी चालेल. माझी पानं फाटली तर फाटू देत. पण मला उघडाल तेव्हा शब्दापुढचं सगळं वाचा, शेवटच्या पूर्णविरामापर्यंत. आणि कोणी अर्धंच वाचून मला मिटायला लागला, तर टोकं काढत बसू नका. मला त्याच्या हातातून हिसकावून घ्या आणि उरलेलं मोठ्यानं वाचा.