बर्फावरून ओढून काढलेलं विमान

मी बोलतोय, लढाईच्या काळातलं मालवाहू विमान. माझी दोन्ही इंजिनं केव्हाच गेली, पण तोंड चालवायला इंजिन कशाला लागतं?

कारखान्यात बायकांनी ठोकून ठोकून मला उभं केलं. पुढे लढाईत माझ्या दारातून कोवळी पोरं छत्र्या बांधून उड्या मारायची आणि मी रिकाम्या पोटी परतायचो. फार वाईट वाटायचं.

युद्ध सरलं. उत्तर कॅनडातल्या एका कंपनीने मला विकत घेतलं. मग पीठ, चुली, कुत्री, नव्या नवऱ्या, एकदा तर चर्चची घंटा, काय काय वाहिलं! माझी घरघर ऐकली की सरोवराकाठची डेने आदिवासी मंडळी बर्फावर धावत यायची. मी शेफारलो नसतो तरच नवल.

एका वसंतात तिथेच गोठलेल्या सरोवरावर उतरताना माझा पाय मोडला. कंपनीने इंजिनं काढून नेली. जाताना वैमानिक रसेल म्हणाला, "राहू दे. बर्फ वितळला की जाईल आपोआप तळाला." माझ्यादेखत!

वस्तीने तर मी कधी बुडणार यावर पैजा लावल्या. कुणी तंबाखू लावली, कुणी हातमोजे. खालचा बर्फ कडकडायचा आणि मी भीतीने अर्धा व्हायचो.

एका सकाळी फिलोमेन म्हातारी भाच्यावर ओरडतच आली.

"अल्फोन्स, दोर आण! कुत्री जुंप!"

"मावशी, अगं माझी पैज परवाची आहे. बुडू दे की त्याला."

"आग लागो तुझ्या पैजेला. ऊठ!"

ऊन चढून बर्फ मऊ पडायच्या आत सगळी वस्ती जमली. पोटाखाली ओंडके सारले, माणसं आणि कुत्री ओढू लागली. मी मनात म्हटलं, माया म्हणतात ती हीच! काठ जवळ आला आणि माझ्या शेपटीखालचा बर्फ फुटला.

"सोड मावशी, आपणही जाऊ पाण्यात!" अल्फोन्स ओरडला.

"सोडायचं नाही! याच्या सांध्यासांध्यात तेल मुरलंय. हा बुडला तर मासे कुठे जातील आणि आपण पिणार काय? या धोंड्याचं काय व्हायचं ते होवो, पाणी नासता कामा नये."

धोंडा! माझा तोरा तिथेच उतरला. पण दोर कुणी सोडला नाही. पोट काठावरच्या खडीला घासलं आणि माझा जीव भांड्यात पडला.

पुढे बर्फ गेला. मी आधी उभा होतो तिथे आता लाटा आल्या. फिलोमेनने त्याच पाण्याची किटली भरली, चहा केला, एक घोट घेतला. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. तिने कप पुन्हा भरून घेतला. तेव्हा कुठे मी सुटलो.

आता माझ्या पोटात मासे वाळतात. वास येतो, येऊ दे. कधी आलात तर माझं कौतुक करू नका. आधी खाली जाऊन ओंजळभर पाणी प्या, आणि गोड लागलं तर तेवढं मला येऊन सांगा.