दुसरी बॅटरी

"चौदा व्होल्ट दाखवतंय. म्हणजे इंजिनाकडून करंट येतोय. ही बॅटरीच कुचकामी," मीटरकडे बघत मार्तंडराव म्हणाले.

बॅटरी नवीकोरी होती, पण त्यांना सांगणार कोण? झाशीच्या रेल्वेत डब्यांचे दिवे-पंखे सांभाळण्यात त्यांची हयात गेलेली. आपण केलेली वायरिंग चुकली असेल, ही शंका त्यांच्या वाऱ्यालाही उभी राहत नव्हती.

जुन्या टेम्पोचं त्यांनी फिरतं घर केलं होतं. आत पलंग, शेगडी आणि अनुसूयाबाईंच्या ऑक्सिजन मशीनसाठी दुसरी बॅटरी. पहिलीवर इंजिन सुरू व्हायचं, दुसरीवर मशीन चालायचं, आणि गाडी धावताना दोन्ही भरत राहायच्या. सगळा खटाटोप झाशीहून साताऱ्याला जाण्यासाठी. तिथे बाईंची धाकटी बहीण यमुना शेवटच्या घटका मोजत होती. मागच्या आठवड्यात दोघं मुलाला घेऊन निघालीही. पण घरच्या विजेवर भरून नेलेली दुसरी बॅटरी ललितपूरच्या पुढे संपली, मशीन बंद पडलं आणि सोबत घेतलेल्या ऑक्सिजनच्या सिलिंडरवर कसंबसं परतावं लागलं.

तेव्हापासून दोन्ही बॅटऱ्या जोडणारा रिले बदलून झाला, केबल झाली, बॅटरीही झाली. मुलगा सुबोध म्हणाला, "बाबा, मानिक चौकातल्या गॅरेजवाल्या भैयाला बोलावतो ना, एक बार देख लेगा." मार्तंडरावांनी त्याला उडवून लावलं. मोटारवाल्याने रेल्वेवाल्याला शिकवायचं म्हणजे अतिच झालं.

नाकात नळी घालून ओसरीवर बसलेल्या अनुसूयाबाई बराच वेळ बघत होत्या.

"अहो, मीटरची काळी तार सारखी गाडीच्या पत्र्याला का लावता? बॅटरीला दोन टोकं आहेत ना?"

चिडूनच मार्तंडरावांनी मीटरच्या दोन्ही तारा बॅटरीच्या टोकांना लावल्या. काटा बारापर्यंतही चढेना.

मार्तंडराव वाकून दुसऱ्या बॅटरीच्या तारा तपासू लागले. रेल्वेच्या डब्यात दोन्ही तारा वेगळ्या न्यायच्या, पत्र्याला शिवू द्यायच्या नाहीत. मोटारीत मात्र परतीची वाट पत्र्यातूनच असते. डोक्याला हे ठाऊक होतं. हाताने जन्माच्या सवयीने डब्याचीच वायरिंग केली होती. दुसऱ्या बॅटरीला परतीची वाटच नव्हती.

बॅटरीच्या उणे टोकापासून एक जाड तार पत्र्याला जोडताच काटा सरसर चढला. त्यांनी बाईंना हात धरून गाडीत आणून निजवलं, त्याच बॅटरीवर मशीन लावलं.

"चूक माझीच होती," ते म्हणाले.

"असू द्या. उद्या पहाटे निघू."

तेवढ्यात फोन वाजला. यमुनाचा मुलगा जयंत बोलत होता. "काका, मावशीला जपून सांगा. आई गेली, आत्ताच."

सांगावं लागलंच नाही. त्यांचा चेहरा बघून बाईंनी डोळे मिटले. आठ दिवस आपण पत्र्याला तार लावत बसलो, हे मार्तंडरावांच्या काळजात रुतलं.

"आंघोळ करायला हवी मला," डोळे उघडत बाई म्हणाल्या.

माहेरचं माणूस गेल्याचं कळलं की डोक्यावरून पाणी घ्यायचं, ही रीत. पण नळी काढून न्हाणीपर्यंत जाण्याइतका श्वास त्यांच्यात उरला नव्हता. मार्तंडरावांनी तांब्याभर पाणी आणलं, हात भिजवला आणि पलंगाशी बसून त्यांच्या पांढऱ्या केसांवरून हळूहळू फिरवत राहिले. मशीन एकदाही अडखळलं नाही.